खिडकीतला पांढरा घोडा

"आज घोडा कुठे आहे?" मी विचारलं.

"असेल तिथेच, कुंपणाशी," मिसेस ॲक्रॉइड म्हणाल्या. सुई ओवताना त्या तिचं टोक बोटांत धरून नेढं जिभेने चाचपायच्या, त्यामुळे बोलणं जरा अडखळतच आलं. "टेकडीच्या पोटाला दगडी कुंपण आहे बघ, तिथे. पांढराशुभ्र आहे, एवढ्या बर्फात तुला चटकन दिसायचा नाही."

मी काचेला नाक लावून पाहिलं. टेकडी पांढरी, आभाळ पांढरं, मधलं कुंपण म्हणजे कुणीतरी पेन्सिलीने ओढलेली एक पुसट रेघ. त्या पांढऱ्यात कुठेतरी एक घोडा उभा आहे, नाकातून वाफ सोडतोय, आणि आपल्याला तो दिसत नाही, एवढ्या विचारानेच मला बरं वाटायचं. ओळखीचं कुणीतरी बाहेर थांबलंय, असं वाटायचं.

ही त्रेसष्ट सालच्या जानेवारीतली गोष्ट. तो हिवाळा तिकडच्या म्हाताऱ्या माणसांनीही कधी पाहिला नव्हता असा होता. नाताळात पडलेलं बर्फ मार्च उजाडला तरी वितळलं नव्हतं. मी इचलकरंजीहून यॉर्कशायरातल्या त्या गावी आले ती नोव्हेंबरात. आमचे हे दोन वर्षं आधीच तिथे गेले होते आणि लोकरीच्या गिरणीत रंगखात्यात होते. त्याच गिरणीत सगळ्यात वरच्या मजल्यावर रफूखातं होतं. तिथे मला सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं.

रफू म्हणजे फाटलेल्या कोटाचं नव्हे. माग कितीही चांगला असला तरी विणताना कुठे उभा ताण्याचा धागा तुटतो, कुठे आडवा बाणा चुकतो. मागावरून उतरलेलं कापड आमच्याकडे यायचं आणि आम्ही बारा बायका तो चुकलेला धागा सुईने पुन्हा जागच्या जागी विणायचो, मागाने विणला असता तसा. काम सगळं डोळ्यांचं, म्हणून त्या खोलीची उत्तरेकडची भिंत अख्खी काचेची होती. तिथला उजेड अंगावर कधी यायचा नाही, नुसता भरून राहायचा. खाली मागांचा खडखडाट, वर आम्ही गप्प, आणि मांडीवरून जमिनीपर्यंत ओघळलेलं निळं, राखी, काळं कापड. दुपारी दोनच्या सुमारास माझी मला शुद्ध नसायची. आपण इंग्लंडात आहोत की माहेरी अप्पांच्या मागाशेजारी बसलो आहोत, हे आठवायला क्षणभर थांबावं लागायचं.

रफूवाल्या बायकांचा तिकडे तोरा असे. मागावरच्या बायका डोक्याला रुमाल बांधून यायच्या, आमच्या खात्यातल्या मात्र हॅट आणि हातमोजे घालून. मी लुगडं नेसून, वर ह्यांचा ओव्हरकोट चढवून पहिल्या दिवशी जिना चढले तेव्हा दहा हॅटी एकदम माझ्याकडे वळल्या. अकराव्या होत्या मिसेस ॲक्रॉइड. त्या वळल्या नाहीत. त्यांनी शेजारची खुर्ची हाताने थोपटली आणि नाव विचारलं. मी द्वारका म्हटलं. ते त्यांच्या तोंडात बसेना. मग म्हणाल्या, "आमच्या बायबलात एक डॉर्कस आहे. गोरगरिबांना कपडे शिवून द्यायची. मी तुला डॉर्कस म्हणेन, चालेल?" मला काय, चाललं. आठवड्याभरात त्यांनी माझ्यासाठी लोकरीची एक टोपी विणून आणली, म्हणजे हॅटी बारा झाल्या.

त्या एकोणसाठ वर्षांच्या होत्या. चौदाव्या वर्षापासून त्याच खोलीत. खिडकीकडची शेवटची खुर्ची सगळ्यात जुन्या बाईची, असा तिथला रिवाज होता, आणि ती खुर्ची त्यांची होती. जुलैत साठ भरले की त्या घरी बसणार होत्या. माझं टेबल त्यांना लागून. त्या इंग्रजी बोलायच्या, तेही त्या दरीतलं गावरान, पण मला आता त्यांचं बोलणं आठवतं ते मराठीतच.

रोज सकाळी टोपी काढली की त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "आज आभाळ कसं आहे?" मला वाटायचं, इंग्रज माणसाला हवापाण्यावाचून सुरुवात सुचत नाही, त्यातलाच हा प्रकार. मी सांगायचे, झाकळलंय, उघडलंय. मग त्या मला खिडकी सांगायच्या. कुठल्या धुराड्याचा धूर कुठे वळतो, चर्चच्या कळसावर कावळे कधी येतात, आणि घोडा. त्याचं नाव कॅप्टन. दूधवाल्याचा होता, आता म्हातारा झाला म्हणून टेकडीवर मोकळा सोडलाय. थंडीत कुंपणाच्या आडोशाला येतो, ऊन पडलं तर वर चढतो. मी ह्यांनाही संध्याकाळी घोड्याचं सांगायचे. हे म्हणायचे, "तू घोडा बघतेस की कापड?"

ह्यांचा प्रश्न उगाच नव्हता. एका पगारात ती भाड्याची खोली निभत नव्हती. सहा महिन्यांनी मला कायम केलं तर मी राहणार, नाहीतर मे महिन्यात मी एकटीने बोटीत बसायचं आणि इचलकरंजीला सासूबाईंकडे जाऊन राहायचं, असं आमच्यात ठरलं होतं. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि त्यातले आम्ही एकत्र राहिलो होतो ते जेमतेम वर्षभर. पुन्हा ह्यांच्या पत्रांची वाट बघत दारात बसायची माझी तयारी नव्हती.

कायम करायचं की नाही ते सग्डनसाहेब ठरवणार होते. कापड तपासणारे ते. खोलीच्या टोकाला छताजवळ एक आडवा रूळ होता, त्यावरून कापड खाली सोडून खिडकीच्या उजेडात ते इंच इंच बघायचे आणि चूक दिसेल तिथे खडूची खूण करायचे. खुणा केलेलं कापड आमच्याकडे, आमचं झालं की पुन्हा त्यांच्याकडे. दिवसभरात पाच-सहा वाक्यांपेक्षा जास्त बोलायचे नाहीत. माझ्या कामाला त्यांनी एकदाही नाव ठेवलं नाही. पण जानेवारीतच एकदा म्हणून गेले, की हात मंद आहे.

हात मंद नव्हता. खोट माझ्या सवयीत होती. आमचं घर कोष्ट्यांचं. लुगड्याचा पदर वाऱ्यावर उलटतो, दोन्ही अंगांनी दिसतो, म्हणून रफू केलं तर ते उलट्या बाजूनेही कळता कामा नये, असं अप्पांनी सहाव्या वर्षी शिकवलेलं. गिरणीत मात्र सुटाचं कापड. त्याची मागची बाजू जन्मभर अस्तराखाली जायची. तिथे बायका पुढून साफ करायच्या आणि मागे धाग्यांची शेपटं तशीच सोडायच्या. मिसेस ॲक्रॉइडनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "मागे कोण बघतंय, पोरी, सोडून दे." मी हो म्हटलं आणि सोडलं नाही. मागची बाजू तशी टाकून पुढच्या खुणेकडे जायचं म्हटलं की बोटं अडायची. अप्पा मला हट्टी म्हणायचे ते काही उगाच नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात बर्फ वितळायला लागलं. छतांवरून दिवसभर पाणी टपकत होतं, टेकडीवर आधी काळे ठिपके आले, मग हिरवे, आणि एका सकाळी अख्खं कुंपण दगडन् दगड दिसायला लागलं. मी टोपीसुद्धा न काढता खिडकीशी गेले. आता घोडा दिसणार होता.

कुंपणाशी कुणी नव्हतं. टेकडीवरही नव्हतं. जिथे कॅप्टन उभा राहायचा तिथे कुंपण ढासळलेलं होतं आणि पडलेल्या दगडांवर शेवाळ चढलं होतं. ते काही एका हिवाळ्यातलं शेवाळ नव्हतं.

"उघडलं ना आभाळ?" मागून मिसेस ॲक्रॉइड म्हणाल्या. "मग तो वर चढला असेल. दिसतोय?"

मी वळून त्यांच्याकडे बघितलं. त्यांचे डोळे खिडकीकडे होते, निळे, स्वच्छ, आणि कशावरही न ठरणारे. आभाळाचा प्रश्न, जिभेने शोधलेलं नेढं, पहिल्या दिवशी माझ्याकडे न वळणं, सगळं एका धाग्यात ओवलं गेलं. चार महिने मी त्या बाईच्या हाताशी हात लावून बसले होते आणि मला कळलं नव्हतं. त्यांना खिडकी दिसत नव्हती. त्या मला आठवणीतली खिडकी सांगत होत्या.

"दिसतोय," मी म्हटलं. "वर चढलाय."

मिसेस ॲक्रॉइड जाडंभरडं कापड बोटांनी वाचत. तुटलेला धागा, गाठ, पोकळी बोटाला लागायची, आणि पंचेचाळीस वर्षांचा हात बाकीचं काम करायचा. घात करायचं ते नुकतंच यायला लागलेलं निळं सर्ज, सुटाचं तलम कापड. त्याचा धागा इतका बारीक की चूक बोटाला लागत नाही आणि खडू तर त्यांना दिसतच नव्हता. दुपारच्या सुट्टीत सगळ्या जेवायला खाली जायच्या. तिथल्या चरबीच्या वासाने मला मळमळायचं, म्हणून मी वरच खिडकीशी बसून चपाती आणि बटाट्याची भाजी खायचे. त्या दुपारी मी हात धुतले आणि त्यांच्या टेबलावरचं सर्ज उलगडून बघितलं. पाच खुणा तशाच राहिल्या होत्या.

सग्डनसाहेबांनी त्या बघितल्या असत्या तर कापड परत आलं असतं. एक-दोनदा परत आलं की बाईला तळमजल्यावर पाठवायचे, गाठी काढायच्या खात्यात. तिथे खिडकी नव्हती. पंचेचाळीस वर्षं उजेडात बसलेल्या बाईला शेवटचे चार महिने तळमजल्यावर बसवायचे, हे मला सहन होईना. मी सुई घेतली.

मग रोजचंच झालं. चपाती दहा मिनिटांत खायची आणि उरलेला वेळ त्यांचं कापड. कधी पुरं व्हायचं नाही, तर त्या चहाला उठल्या की दोन धागे, त्या हात धुवायला गेल्या की एक. माझं स्वतःचं काम आणखी मागे पडत गेलं. मला वाटायचं, कुणाला कळत नाही. मिसेस ॲक्रॉइड परत येऊन बसायच्या, कापडाच्या खाली हात घालून ते मांडीवर सारखं करायच्या आणि म्हणायच्या, "हं, सांग, घोडा कुठे आहे?" आता खिडकी मी सांगत होते. कॅप्टन चरतोय, कॅप्टनने अंग झटकलं, कॅप्टनच्या पाठीवर कावळा बसलाय. सांगता सांगता मला तो खरोखर दिसायला लागला होता. ते सात आठवडे आठवले की अजूनही वाटतं, मी त्या खोलीत नव्हतेच, त्या टेकडीवर होते.

एप्रिलच्या शेवटच्या गुरुवारी सकाळी सग्डनसाहेबांनी मला रुळाशी बोलावलं. माझ्याकडे न बघता, कापडाकडे बघत ते म्हणाले, की काम उत्तम आहे, पण इतरांचे दोन तागे होतात तेव्हा माझा एक होतो, आणि गिरणीला ते परवडत नाही. शनिवारपासून यायचं नाही. मला काहीतरी सांगायचं आहे का, असंही त्यांनी विचारलं. सांगण्यासारखं खूप होतं आणि ते सगळं माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलेलं होतं. मी नाही म्हटलं.

परत येऊन बसले. हातात सुई धरली, पण कापड दिसेना. बोट दिसत होती, आणि धक्क्यावर उभे राहिलेले हे.

"काय म्हणाला हॅरल्ड?" मिसेस ॲक्रॉइडनी हळूच विचारलं. सग्डनसाहेबांना त्या नावानेच म्हणायच्या.

"शनिवारपासून येऊ नको म्हणाले. हात मंद आहे."

त्यांनी सुई कापडात टोचून ठेवली. मग विचारलं, "आभाळ कसं आहे?"

"स्वच्छ आहे."

"चांगला उजेड आहे?"

"हो."

त्या उठल्या. मांडीवरचं सर्ज गोळा करून दोन्ही हातांवर घेतलं आणि चालू लागल्या. ओठ हलत होते. त्या पावलं मोजत होत्या. चौदाव्या पावलाला थांबल्या, सग्डनसाहेबांच्या बरोब्बर समोर.

"हॅरल्ड, हे रुळावर टाक," त्या म्हणाल्या. "उलटं टाक. मागची बाजू उजेडाला."

साहेबांनी कापड चढवलं. निळं सर्ज छतापासून खाली उतरलं तेव्हा खोलीतल्या सगळ्या सुया थांबल्या होत्या.

"खुणा किती केल्या होत्यास?"

"सतरा," साहेब वहीत बघून म्हणाले.

"आता मागे शेपटं किती दिसतात ते मोज."

साहेबांनी हात फिरवत मोजली. सहा होती.

"ती सहा माझी," मिसेस ॲक्रॉइड म्हणाल्या. "आता बाकीच्या अकरा दुरुस्त्या शोधून दाखव."

ते शोधत राहिले. कापड खाली ओढलं, पुन्हा वर घेतलं, पुढून बघितलं, मागून बघितलं, खिशातलं भिंग काढलं. तीस वर्षं चुका शोधणारा माणूस, आणि त्याला एकही सापडली नाही. शेवटी त्यांनी भिंग खाली केलं आणि मान वळवून पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

"या गावात मागची बाजू साफ करणारी एकच बाई आहे," मिसेस ॲक्रॉइड म्हणाल्या. "ती स्वतःचं काम करते आणि माझंही करते, आणि तू तिला मंद म्हणतोस. मला दिसत नाही, हॅरल्ड. दोन वर्षं झाली. मार्चपासून मी रोज दुपारी कापडाखाली हात घालते आणि जिथे शेपूट असायला हवं तिथे मला काहीच लागत नाही. मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. मी गप्प बसले, कारण मला ती खिडकी सोडवत नव्हती."

"विनिफ्रेड," साहेब म्हणाले, "मला सांगायचं तरी."

"आता सांगतेय."

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला पहिल्यांदा राग आला. त्यांना ठाऊक होतं. मी चपाती अर्धी टाकून उठत होते, माझा एक एक दिवस कमी होत होता, आणि त्या विचारत होत्या, घोडा कुठे आहे. तेवढ्यात त्या परत फिरल्या. येताना पावलं मोजायच्या विसरल्या आणि टेबलांच्या मधोमध थांबल्या, एक हात पुढे करून, हवेत. दहा बायका नुसत्या बघत होत्या. मी उठले आणि तो हात धरला. राग कुठे गेला कळलं नाही.

त्यांनी खुर्चीवरची आपली उशी काढून माझ्या खुर्चीवर ठेवली. मग ती पुन्हा उचलली, जागेवर ठेवली आणि मला खांद्याला धरून खिडकीकडच्या खुर्चीवर बसवलं. मी म्हटलं, या खुर्चीवर माझ्या आधी दहा जणींचा हक्क आहे. त्यांनी वळून खोलीला मोठ्याने विचारलं, कुणाची हरकत आहे का. कुणाची नव्हती.

सोमवारी मी कामावर गेले, आता कायमची. ह्यांनी बोटीच्या कंपनीला लिहिलेलं पत्र चुलीत घातलं. मिसेस ॲक्रॉइड तळमजल्यावर गेल्या. गाठी काढायच्या खात्यात काम बोटांचंच होतं, आणि तिथल्या बायका पुढे सांगायच्या, की अशी बोटं त्यांनी पाहिली नव्हती. पण खिडकी नव्हती. पिवळे दिवे आणि लोकरीची धूळ.

त्या पहिल्याच सोमवारी दुपारी मी डबा घेऊन जिना उतरले. त्या एका बाकावर बसल्या होत्या, हॅट डोक्यावर तशीच. माझ्या पायांच्या आवाजावरून त्यांनी ओळखलं आणि शेजारची जागा हाताने थोपटली. मी अर्धी चपाती त्यांच्या हातात दिली.

"डॉर्कस," मग त्या म्हणाल्या, "हॅरल्डने मला सांगितलं. तो घोडा मेला त्याला दोन वर्षं होऊन गेली."

मी भाजी त्यांच्या हाताशी सरकवली.

त्यांनी चपातीचा तुकडा मोडला, भाजी चाचपून त्यात घेतली आणि तोंड वर केलं, जिथे भिंत होती तिकडे.

"बरं," त्या म्हणाल्या, "आज कुठे आहे?"

"कुंपणाशीच आहे," मी म्हटलं. "ऊन खात उभा आहे."